इंटरव्हलनंतर ती कुठे जाते? (लोकप्रिय मराठी सिनेमातल्या बायका)

वळीव (धागाकर्ती)

मराठी सिनेमात कणखर बायका नाहीत असं कुणी म्हणालं की मला राग येतो. आहेत की! भांडणाऱ्या, ठाम नकार देणाऱ्या, ट्रॅक्टर हाकणाऱ्या. माझी तक्रार वेगळी आहे. त्यांतल्या बहुतेक जणी इंटरव्हलपर्यंतच असतात. आपण वडापाव खाऊन जागेवर येतो तोवर गोष्ट हळूच दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात गेलेली असते. बापाला पश्चात्ताप होतो, नवऱ्याचे डोळे उघडतात, गावाला उपरती होते. ज्याचं मन बदलतं त्याची ती गोष्ट, असा साधा हिशोब मी लावते. त्या हिशोबाने ‘स्त्रीप्रधान’ म्हणून गाजलेल्या कितीतरी चित्रपटांचा नायक शेवटी पुरुषच निघतो.

स्त्रीवादी नजरेने सिनेमा बघायचा म्हटलं की दोन गोष्टी हमखास पुढे येतात. एक लॉरा मल्व्हीचा १९७५चा निबंध: कॅमेरा पुरुषाच्या डोळ्यांनी बघतो, बाई बघितली जाते. दुसरी अॅलिसन बेक्डेलच्या १९८५च्या चित्रपट्टीतून आलेली चाचणी: किमान दोन बायका असाव्यात, त्या एकमेकींशी बोलाव्यात, आणि पुरुष सोडून दुसऱ्या विषयावर बोलाव्यात. दोन्ही कामाच्या आहेत. पण आपल्या कौटुंबिक चित्रपटांत सासू, सून, नणंद, शेजारीण तास तास बोलतात, हळदीच्या डागापासून दागिन्यांपर्यंत सगळं बोलतात. चाचणी पास होते आणि सुनेच्या हाती काही लागत नाही.

प्रभात फिल्म कंपनीचा ‘कुंकू’ घ्या, १९३७चा. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. शांता आपटेची नीरा म्हाताऱ्या वकिलाशी, काकासाहेबांशी, लावून दिलेलं लग्न मानायलाच तयार नाही. नवऱ्याला जवळ येऊ देत नाही, अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला बडवून काढते. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घरातले आणि रस्त्यावरचे आवाज तेवढे, त्यामुळे तिचा नकार आणखीच खणखणीत ऐकू येतो. हे सगळं नव्वदेक वर्षांपूर्वी! आणि मग सिनेमा काकासाहेबांकडे कलतो. आरसा त्यांचा, भिंतीवरचं घड्याळ त्यांचं, टोचणी त्यांची. केशवराव दाते इतकं अस्सल काम करतात की आपल्यालाच म्हाताऱ्याची दया यायला लागते. शेवटी तो जीव देऊन तिला मोकळी करतो. तिने भांडून मागितलेलं तिला मिळतं, पण दान म्हणून.

‘माहेरची साडी’ (१९९१) तर सगळ्यांना पाठ आहे. जन्मताच आई गेली म्हणून बापाने मुलीला पांढऱ्या पायाची ठरवलं, आणि मग अख्खा चित्रपट अलका कुबल सोसते. शेवटी बापाला कळतं. तोवर व्हायचा तो उशीर झालेला असतो.

याला सणसणीत अपवाद म्हणजे ‘उंबरठा’ (१९८२). स्मिता पाटीलची सुलभा सुधारगृहाची नोकरी धरायला घर सोडते, तिथल्या कारभाराशी भांडून, थकून परत येते, तर नवऱ्याने दुसरी सोबत शोधलेली. तो हे अगदी सभ्यपणे सांगतो. गिरीश कर्नाडांच्या त्या सभ्यपणाची मला अजून चीड येते. कुणाला उपरती होत नाही, कुणी पाया पडत नाही. ती पुन्हा बाहेर पडते. शांता निसळ यांची कादंबरी, तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, आणि शेवट पूर्णपणे सुलभाचा.

तर प्रश्न असा: लोकप्रिय, धंदा केलेल्या मराठी सिनेमांत कोणाकोणाला स्वतःचा सेकंड हाफ मिळाला? ‘सैराट’, ‘झिम्मा’, ‘बाईपण भारी देवा’ सगळं चालेल. समांतर सिनेमा मुद्दाम बाजूला ठेवते, तिथे सुमित्रा भाव्यांनी ‘दोघी’सारखं काम करून ठेवलंय आणि मग वादच उरत नाही.

तिखट_शेव

जागा धरून बसलोय. सोलापूरकर येईपर्यंत तरी थांबतो.

सोलापूरकर

आलो. ताई, राग मानू नका, पण दोन तास एसीत बसून हसायला-रडायला गेलेल्या माणसाला हे हिशोब कशाला? बापाला पश्चात्ताप झाला तर वाईट काय झालं? त्याला झालाच नसता तर तुम्हीच म्हणाला असता, पुरुष सुधारलेला दाखवत नाहीत. आणि ‘माहेरची साडी’ काय पुरुषांनी चालवला का? बायकांनीच डोक्यावर घेतला. मूळ राजस्थानी ‘बाई चाली सासरिये’. तिकडेही तो गाजला होता. म्हणजे बायकांना तेच बघायचं होतं.

शेवंती

सोलापूरकर, तुमचं शेवटचं वाक्य सोडून बाकी पटलं नाही. आणि ते वाक्यसुद्धा अर्धंच.

आमच्या बार्शीकडे ‘माहेरची साडी’ लागला तेव्हा मी लहान होते. गल्लीतल्या बायका टेम्पो ठरवून गेल्या होत्या. एरवी या बायकांना दुपारी तीन तास घराबाहेर काढायला कुणाच्या तरी घरचं हळदीकुंकूच लागायचं. सिनेमाला जायचंय म्हटल्यावर घरच्या पुरुषांनी एक चकार शब्द काढला नाही, कारण सिनेमा ‘संस्कारी’ होता. त्या तिथे गेल्या आणि रडल्या. तेही कसं, मोकळा गळा काढून, शेजारणीच्या खांद्यावर. स्वतःच्या सासरबद्दल रडायची सोय कुणालाच नव्हती. अलकाताईंच्या नावाने रडता येत होतं.

आणि वळीव, तुझ्या मुद्द्याला धरून सांगते. माझी आई अजून त्या सिनेमाची गोष्ट सांगते. सासूने काय काय केलं ते प्रसंगवार सांगते, उषा नाडकर्णींच्या आवाजात. बापाला कसा पस्तावा झाला याबद्दल एक अक्षर नाही. तिच्या लेखी सिनेमा तिथे नाहीच. तू म्हणतेस गोष्ट बापाच्या ताब्यात गेली. पडद्यावर गेली असेल. आमच्या टेम्पोत नाही गेली.

वळीव

शेवंती, हे फार मोलाचं आहे आणि माझ्या हिशोबात ते बसत नाही हे मान्य. बघणारीने काय उचललं हा वेगळाच धागा होईल. तरी एक शंका राहतेच. रडून हलकं झालेली बाई टेम्पोतून परत त्याच घरात गेली. त्या घराला सिनेमाने काही त्रास दिला का? पुरुषांनी चकार शब्द काढला नाही, यातच उत्तर आहे असं मला वाटतं. ‘उंबरठा’ला कुणी टेम्पो करून पाठवलं असतं का?

शेवंती

नसतं पाठवलं. पण ‘उंबरठा’तल्या सुलभाच्या घरी मुलीला सांभाळायला जाऊबाई होत्या. टेम्पोतल्या बायकांच्या घरी नव्हत्या.

अर्ध्या_तिकिटाचा

अवांतर. बेक्डेलबाईंची चाचणी ‘अशी ही बनवाबनवी’ला (१९८८) लावली तर? पार्वती आणि सुधा एकमेकींशी भरपूर बोलतात, साडीवर, घरावर, पोटापाण्यावर. फक्त पार्वती म्हणजे बाईच्या वेषातला लक्ष्या आणि सुधा म्हणजे तसाच सचिन. निकाल राखून ठेवायला लागेल.

आणि याहून मोठी गंमत. ‘कुणीतरी येणार येणार गं’ आज घरोघरच्या डोहाळजेवणात लागतं. चित्रपटात ते एका पुरुषाच्या खोट्या डोहाळजेवणाचं गाणं आहे. महाराष्ट्रातल्या गरोदर बायका एवढी वर्षं त्या विनोदावर ओवाळून घेतायत आणि कुणाला काही वाटत नाही. मलाही नाही वाटत, गाणं गोडच आहे.

वळीव

हाहा. आणि त्याच सिनेमात अश्विनी भावेची माधुरी ही धनंजय मानेची बॉस आहे. लिंबू रंगाच्या साडीपलीकडे तिचं कुणाला काही आठवतं का? पगार देणारी बाई आपण साडीच्या रंगावरून लक्षात ठेवली.

अर्ध्या_तिकिटाचा

आठवतं ना. धनंजय तिला घाबरतो ते आठवतं.

भीमथडी

‘सैराट’वर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. जरा लांबेल.

आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर घेऊन परशाच्या वस्तीवर जाते, वर्गात पोरांना दम देते, पोलीस ठाण्यात खोटी तक्रार करायला नकार देते. २०१६ साली आमच्याकडच्या मुली हे बघून खरंच ताठ झाल्या, ते मी नाकारत नाही. पण ती बुलेट कोणाची? पाटलाची, म्हणजे तिच्या बापाची. तो दम कुणाच्या जिवावर? पाटलाच्या. आर्चीचा पूर्वार्धातला सगळा दरारा हा तिच्या जातीचा आणि वाड्याचा आहे, बाईपणाचा नाही. परशाच्या बहिणीला तसा दम देता आला असता का?

म्हणून ‘सैराट’ इंटरव्हलनंतर आर्चीला लहान करतो, असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. हैदराबादला ती पाटलीण उरत नाही. झोपडपट्टीतल्या खोलीत, नळ-संडासाच्या रांगेत, बाटल्यांच्या कारखान्यात ती पहिल्यांदा फक्त बाई होते. आणि बाई झाल्याबरोबर परशाचा हात उठतो. आपला गोड, कविता करणारा, विहिरीत उडी मारणारा परशा संशय घेऊन तिला भर रस्त्यात मारतो. सिनेमाने ते झाकलं नाही. प्रेक्षक मात्र ते विसरतात, ‘झिंगाट’ लक्षात ठेवतात. ती निघून जाते, परत येते, आणि परत आल्यावरही कमावती राहते. शेवटी जीव जातो तोही तिच्या आईला केलेल्या फोनच्या वाटेने, म्हणजे माहेरच्या ओढीने. ‘माहेरची साडी’ आणि ‘सैराट’ एकाशेजारी एक ठेवून बघा एकदा. दोन्हीकडे माहेरून काहीतरी येतं. ‘सैराट’मध्ये साडी-चोळी, भांडीकुंडी घेऊन भाऊच येतो, आणि बापाला उपरती होत नाही.

दुसरं. लोकप्रिय मराठी सिनेमात बाईला सगळ्यात जास्त पडदा कुणी दिला? तमाशापटांनी. ‘सांगत्ये ऐका’ १९५९ साली पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला. हंसा वाडकर, जयश्री गडकर. नावातच बाई बोलतेय. पण नंतर नंतर त्या बाईचं काम एकच राहिलं: भल्या माणसाला बिघडवणं. ‘पिंजरा’ (१९७२) बघताना मास्तरांच्या अधःपतनाचं आपल्याला एवढं वाईट वाटतं की फडावर नाचणाऱ्या बाईचं घर कसं चालतं हा प्रश्न सुचतच नाही. प्रत्यक्षात विठाबाई नारायणगावकर फडात नाचता नाचता कळा आल्या म्हणून मागे गेल्या, बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. सिनेमातल्या तमासगिरणीला बाळंतपण नसतं, पोटपाणी नसतं, म्हातारपण नसतं. नजर असते, आणि घायाळ मास्तर असतो. या कलावंतिणी कुठल्या जातींतून आल्या आणि पडद्यावर त्यांच्या भूमिका कुणी केल्या, हाही हिशोब स्त्रीवादाच्या वहीत लिहायला पाहिजे. बहुतेकदा तो लिहायचा राहतो.

वळीव

भीमथडी, बुलेट कुणाची हा प्रश्न मला सुचायला हवा होता इतका सरळ आहे. हंसा वाडकरांबद्दल एक जोडते. त्यांनी स्वतःचं आयुष्य सांगितलं तेव्हा त्याला त्याच चित्रपटाचं नाव दिलं, आणि त्यावरून १९७७ साली श्याम बेनेगलांनी ‘भूमिका’ केला. तिथेही परत स्मिता पाटील. बाईंच्या आयुष्याचा उत्तरार्ध बघायला मराठी प्रेक्षकाला हिंदी चित्रपटात जावं लागलं.

सोलापूरकर

आता जातही आली. चालू द्या.

तिखट_शेव

दादा, पिक्चरमध्ये होतीच. तुम्ही इंटरव्हलला बाहेर गेला असाल.

क्लॅपबॉय

मी सहायक दिग्दर्शक म्हणून काम करतो, त्यामुळे नाव-गाव विचारू नका. वळीव यांचा इंटरव्हलचा मुद्दा टेबलावर रोज दिसतो. निर्मात्याला गोष्ट ऐकवायला बसलं की पहिला तासभर नायिकेचं सगळं चालतं. ‘वा, स्ट्राँग आहे.’ मग प्रश्न येतो, ‘सेकंड हाफमध्ये हिरो काय करतो?’ हिरो काहीच करत नसेल तर त्याला काहीतरी द्यावं लागतं, आणि देण्यासाठी ते कुठून तरी काढावं लागतं. काढतात नायिकेकडून. तिने घ्यायचा निर्णय तो घेतो, किंवा तिने सांगायचं सत्य त्याला आपोआप कळतं. दुष्ट हेतू कुणाचाच नसतो. मोठ्या नटाच्या तारखा मिळाल्यात, त्या वापरायच्या असतात.

दुसरी गोष्ट एडिटची. पुढच्या वेळी सिनेमा बघताना एवढंच बघा: बाई आपला निर्णय सांगते तेव्हा कट कुणावर जातो? बरेचदा तिचं वाक्य संपायच्या आत आपण नवऱ्याच्या क्लोजअपवर असतो आणि पार्श्वसंगीत त्याच्या चेहऱ्यावर सुरू होतं. वाक्य तिचं, भावना त्याची. ‘उंबरठा’चा शेवट वेगळा वाटतो त्याचं एक कारण हेच, गाडीत बसलेल्या तिच्या चेहऱ्यावरून कॅमेरा दुसऱ्या कुणाकडे पळत नाही.

वळीव

वाक्य तिचं, भावना त्याची! हे मला दोन पानं लिहून जमलं नसतं. आता प्रत्येक सिनेमा बिघडणार माझा.

अबोली

सगळे जुन्यावरच बोलताय. ‘बाईपण भारी देवा’ (२०२३) का नको? सहा बहिणी, कुणीच विशीतली नाही, नायक नाहीच, दिग्दर्शन केदार शिंदेंचं पण लेखन वैशाली नाईक या बाईचं. सत्तर कोटींच्या पुढे धंदा. आम्ही ऑफिसच्या सगळ्या जणी नऊवारी नेसून गेलो होतो. थिएटरात फुगड्या घातल्या बायकांनी. चाळिशी-पन्नाशीच्या बायका तिकीट काढतात हे त्याने बाजाराला दाखवून दिलं. त्याआधी ‘झिम्मा’ने (२०२१), इरावती कर्णिकच्या लेखणीतून. हा सेकंड हाफ नाही तर काय?

वळीव

अबोली, धंद्याबद्दल शंभर टक्के मान्य, आणि रोहिणी हट्टंगडी व वंदना गुप्ते यांना एका फ्रेममध्ये भांडताना बघणं हे सुख आहेच. पण माझी कुरकुर ऐक. सहा जणींना सहा दुखणी दिली आहेत, बहुतेक घरातून आलेली, आणि सगळ्यांवर औषध एकच: मंगळागौरीची स्पर्धा. नाचून मोकळं व्हा आणि घरी जा. पुन्हा टेम्पोच, फक्त या वेळी एसी. शिवाय मंगळागौर म्हणजे मुळात नव्या नवरीने लग्नानंतरची पहिली पाच वर्षं पुजायची. एकटीने राहणारी, विधवा, लग्नच न केलेली, हिने त्या खेळात कुठे उभं राहायचं? ‘झिम्मा’ मला जास्त आवडतो, पण तिथेही बायकांना इंग्लंड दाखवायला एक हसरा कबीर लागतोच.

अबोली

कबीर टूर लीडर आहे, त्याचं कामच ते आहे. तुला बायका घर सोडून गेल्या तरच पूर्ण गुण. मंगळागौरीत माझ्या शेजारी माझी घटस्फोटित मैत्रीण नाचत होती, तिला कुणी विचारलं नाही. आणि शेवंतीताईंच्या टेम्पोतल्या बायका रडल्या होत्या. आम्ही हसत होतो. हा फरक तुझ्या वहीत कुठल्या रकान्यात जातो?

शेवंती

अबोलीला माझ्याकडून एक नऊवारी. पण वळीवचं विधवांबद्दलचं बरोबर आहे, आमच्याकडे अजून विचारतात.

जुनी_रीळं

उशिरा आलो, थोडा इतिहास देतो. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने केली, कारण फाळक्यांना बाई मिळाली नाही. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई उभ्या राहिल्या. त्या कमलाबाई गोखले म्हणजे विक्रम गोखल्यांच्या आजी. आणि ‘माहेरची साडी’तला तो पांढऱ्या पायाची म्हणणारा बाप विक्रम गोखल्यांनीच केलाय. पडद्यावर पहिलं पाऊल टाकणाऱ्या बाईचा नातू!

वळीव यांनी ‘कुंकू’ घेतला, पण त्याच्याच दिग्दर्शकाने, व्ही. शांतारामबापूंनी, त्याच्या आदल्या वर्षी प्रभातमध्ये ‘अमरज्योति’ केला होता. हिंदी होता, पण पुण्यात झालेला. दुर्गा खोटेंची सौदामिनी राज्याकडे न्याय मागते, मुलाचा ताबा नाकारला जातो, तेव्हा ती समुद्री चाच्यांची म्होरकी होते आणि थेट राज्याशी लढते. लोकप्रिय सिनेमा होता तो. एका वर्षात आपण जहाजावरून घरातल्या घड्याळाशी आलो. ‘कुंकू’मधली समाजकार्य करणारी मुलगी बघा नीट: ती भूमिका शकुंतला परांजपे यांनी केलीय, ज्या खऱ्या आयुष्यात र. धों. कर्व्यांच्या संततिनियमनाच्या कामात होत्या. म्हाताऱ्या बापाला सुनावायला सिनेमाने खरीच कार्यकर्ती आणली. तेव्हा काकासाहेबांचं मन ‘आपोआप’ बदललं हे मला मान्य नाही. दोन बायकांनी मिळून बदलवलं.

वळीव

हा मुद्दा घेते. पण मेला तो. आणि पोस्टरवरचं कुंकू तिचं असलं तरी शेवटचं रडू आपल्याला त्याच्यासाठी येतं. त्यावर मी अजून ठाम आहे.

सोलापूरकर

बरं, मला एक सांगा. हसवणारा, चाललेला, आणि बाईच्याच हातात शेवटपर्यंत असलेला असा एक तरी मराठी सिनेमा आहे का? नसेल तर बंद करा हा धागा.

क्लॅपबॉय

‘सवत माझी लाडकी’, १९९३. दिग्दर्शन स्मिता तळवलकर. डॉक्टर नवरा दुसरीच्या प्रेमात पडतो, तर बायको रडत बसत नाही, सवतीला घरात घेते आणि दोघी मिळून त्याला पुरता वात आणतात. नीना कुळकर्णी, वर्षा उसगावकर, मध्ये मोहन जोशींची भंबेरी. सेकंड हाफ अख्खा तिचा.

वळीव

आणि शेवटी खोड मोडून नवरा घरातच ठेवते.

अबोली

ठेवायचा की हाकलायचा ते ठरवलं कुणी?